जुनाट खांदेदुखी : कारणनिदान व उपचार – एक विवेचन

प्रस्तावना

राजगडाच्या परिसरात नसरापूर–वेल्हे मार्गावर वसलेले मार्गासनी व त्याभोवतीची गावे हा भातशेतीचा डोंगराळ पट्टा आहे. लावणी, कापणी, झोडणी व भारे वाहणे ही कामे खांद्याच्या बळावरच होतात. येथे खांदेदुखी अनेकदा 'वात' समजून अंगावर काढली जाते. तर कधी पुणे गाठून थेट एमआरआय काढला जातो. दोन्ही प्रकारांत नेमके काय दुखते, हा मूळ प्रश्न मागे राहतो. तीन महिन्यांहून अधिक काळ टिकलेल्या खांदेदुखीचा उपचार मात्र याच प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून असतो.

कारणांचे स्वरूप

खांद्याच्या सांध्याची खोबणी उथळ असते. म्हणून हात सर्व दिशांना फिरतो. परंतु सांध्याचे स्थैर्य चार स्नायूंच्या 'रोटेटर कफ'वर व सांध्याच्या आवरणावर अवलंबून राहते. कफच्या कंडरांची झीज वा फाटणे, आवरण जाड होऊन आकसणे आणि मानेतील मज्जातंतूवर दाब येणे, ही जुनाट दुखण्याची प्रमुख कारणे होत. यांतील दुसऱ्या विकारास 'फ्रोझन शोल्डर' ही संज्ञा अमेरिकन शल्यविशारद कॉडमन यांनी १९३४ मध्ये दिली. तो प्रामुख्याने चाळीस ते साठ या वयात उद्भवतो व मधुमेहींमध्ये अधिक आढळतो.

निदान

प्राथमिक निदानास यंत्र लागत नाही. रुग्णाने प्रथम स्वतः हात उचलावा. नंतर डॉक्टरांनी तो उचलून पाहावा. स्वतःस न उचलणारा हात दुसऱ्याने उचलल्यास वर जात असेल, तर दोष बहुधा कंडरांत असतो. दोन्ही वेळा हात अडत असेल, विशेषतः कोपर कुशीस टेकवून तो बाहेर वळवताना, तर खांदा आखडलेला असतो. सांध्याची झीज नसल्याची खात्री एक्स-रेने करता येते. मान वळवताच कळ कोपराखाली उतरून मुंग्या येत असतील, तर मान तपासावी.

एमआरआयमधील प्रत्येक दोष वेदनेचे कारण नसतो. साठीपुढील अनेकांच्या कंडरा काहीही न दुखता फाटलेल्या आढळतात. मात्र छातीत दाब, घाम वा धाप यांसह डावा खांदा दुखणे, ताप, घटते वजन किंवा पडल्यानंतर हात अचानक न उचलणे, ही तातडीने रुग्णालय गाठण्याची लक्षणे होत.

उपचार

कंडरांच्या दुखण्यात हात गळ्यात बांधून ठेवणे हितावह नसते. भार तात्पुरता कमी करून क्रमाक्रमाने वाढवलेला, निदान बारा आठवड्यांचा व्यायाम हा पहिला उपचार होय. २०१८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश चाचणीत खांद्यातील हाड तासून जागा मोकळी करणारी शस्त्रक्रिया ही, हाड न तासता केवळ दुर्बिणीने केलेल्या तपासणीपेक्षा सरस ठरली नाही.

आखडलेल्या खांद्यात प्रारंभीच्या तीव्र वेदनेवर सांध्यातील स्टेरॉइड इंजेक्शन व पुढे ताणाचे व्यायाम उपयुक्त ठरतात. इंजेक्शननंतर रक्तशर्करा काही दिवस वाढते. म्हणून मधुमेहींनी ती तपासत राहावी. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ५०३ रुग्णांच्या ब्रिटिश चाचणीत, इंजेक्शनसह फिजिओथेरपी आणि भूल देऊन केलेले दोन उपचार यांत वर्षअखेर रुग्णास जाणवेल असा मोठा फरक दिसला नाही. हा विकार बरा होण्यास एक ते तीन वर्षे लागू शकतात, हे रुग्णास आरंभीच सांगणे आवश्यक आहे.

निष्कर्ष

खांदेदुखी हे एका रोगाचे नाव नसून अनेक विकारांचे समान लक्षण आहे. हात दोनदा उचलून पाहणे व रक्तशर्करा तपासणे एवढ्यावरून बहुतेकांच्या उपचाराची दिशा ठरते. ज्यांची मजुरी हातावर अवलंबून आहे, त्यांच्यासाठी ही तपासणी गावाजवळच व वेळेवर होणे महत्त्वाचे आहे.