मशिनची रोजकीर्द

चाकणच्या वाहन कंपनीतून भोसरीच्या एखाद्या वर्कशॉपला फोन येतो : "तुमच्या या बॅचमध्ये बोअर ओव्हरसाइज निघतंय." मग धावपळ सुरू होते. जॉब कोणत्या व्हीएमसीवर निघाला? कोणत्या शिफ्टला? तेव्हा स्पिंडलवर लोड किती होता, टूल कधी बदललं होतं? पूर्वी याचं उत्तर सुपरवायझरच्या लॉगबुकात असलं तर असे. आता मशिनला सेन्सर बसलेत आणि आकडे मुबलक आहेत. ते ठेवायचे कुठे आणि शोधायचे कसे, हा प्रश्न आहे.

साधा हिशेब करू. वीस मशिन, प्रत्येकी दहा सेन्सर, दर सेकंदाला एक नोंद. दिवसाला १ कोटी ७२ लाख ८० हजार नोंदी झाल्या; वर्षाला ६३० कोटींच्या वर.

जुन्या पेढीवर दोन वह्या असत. कीर्दीत व्यवहार घडले त्या क्रमाने उतरत, खतावणीत तेच खात्यावार लागत. नेहमीचा रिलेशनल डेटाबेस स्वभावाने खतावणी आहे : ग्राहक, पार्ट, ऑर्डर यांची खाती एकमेकांना जोडलेली. सेन्सरचे आकडे म्हणजे निव्वळ कीर्द. कीर्दीसाठी निराळा डेटाबेस घेतला, तर नोंदी झपाट्याने होतात; पण बॅच आणि टूलची माहिती दुसऱ्याच वहीत राहते आणि मेळ घालायचं काम प्रोग्रामरच्या गळ्यात पडतं.

यावर एक तोडगा पोस्टग्रेस या मुक्त डेटाबेसमधून निघाला. मायकेल स्टोनब्रेकर यांनी १९८६ मध्ये बर्कलीत या प्रकल्पाची सुरुवात केली, तेव्हापासूनच त्याला बाहेरून नवी अंगं जोडण्याची सोय ठेवली होती. त्याच सोयीवर २०१७ मध्ये टाइमस्केलडीबी हे एक्स्टेन्शन आलं. अजय कुलकर्णी आणि माइक फ्रीडमन हे त्याचे संस्थापक.

त्याची युक्ती वहीवाल्या मुनिमाला लगेच पटेल. अवाढव्य तक्ता एकसंध न ठेवता काळाप्रमाणे त्याचे तुकडे पाडायचे. वेगळं सांगितलं नाही तर सात दिवसांचा एक. बाहेरून पाहणाऱ्याला मात्र तक्ता एकच दिसतो. एकसंध तक्त्याची अनुक्रमणिका फुगत जाऊन मेमरीत मावेनाशी होते आणि प्रत्येक नोंदीला डिस्क चाळावी लागते. तुकड्यांमुळे चालू आठवड्याची अनुक्रमणिका तेवढी हाताशी राहते. मागच्या मंगळवारची रात्रपाळी विचारली, तर बाकीचे आठवडे उघडलेच जात नाहीत.

जुने तुकडे दाबून ठेवता येतात. बेअरिंगचं तापमान ६२.१, ६२.१, ६२.२ असं सरकत असेल, तर शेजारच्या नोंदींतला फरक लिहिला की भागतं. जागा खूप वाचते. तासाची सरासरी डेटाबेस आपणच अद्ययावत ठेवतो. मुदत संपलेला तुकडा पान फाडावं तसा एकदम काढता येतो.

बॅचचा तक्ता आणि सेन्सरचा तक्ता एकाच एसक्यूएल प्रश्नात जोडले, की ओव्हरसाइज बोअर आणि स्पिंडलचा लोड शेजारी-शेजारी दिसतात.

खाचखळगेही आहेत. 'एकच नोंद दोनदा नको' हा नियम घालताना वेळेचा रकाना त्यात घ्यावाच लागतो. दाबलेल्या तुकड्यात दुरुस्ती महाग पडते. मूळ भाग अपाचे परवान्याखाली असला, तरी दाबण्याची सोय वेगळ्या परवान्यात येते. स्वतःच्या कारखान्यात ती फुकट वापरता येते, डेटाबेस-सेवा म्हणून विकता येत नाही. पान फाडण्याआधी ग्राहकाने दर्जाच्या नोंदी किती वर्षं ठेवायला सांगितल्यात, तेही पाहावं.

पाच-दहा मशिनच्या शॉपने यासाठी मोठा खर्च करू नये. ज्या मशिनचं रिजेक्शन सर्वाधिक, त्या एकापासून सुरुवात करावी. आणि आधी मशिनची घड्याळं जुळवून घ्यावीत. तारीख-वेळ चुकलेली कीर्द कोणत्याही खतावणीशी जुळत नाही.