लहानांत लहान संकेत

भारतांत तारेची सोय जुलै २०१३ पर्यंत चालूं होती, आणि तोंवर तारेच्या मजकुरांत शब्दांची काटकसर करणें ही एक घरगुती कलाच होऊन बसली होती. पैसे शब्दांच्या हिशेबानें पडत. म्हणून क्षेमकुशलाची प्रस्तावना गळून जाई आणि मुद्दा तेवढा उरे. लग्नकार्याच्या शुभेच्छांसाठीं तर खात्यानें ठरीव वाक्यें करून त्यांस क्रमांक दिले होते. पाठविणारानें क्रमांक लिहावा आणि घेणाराच्या हातीं सबंध वाक्य पडावें. जी गोष्ट वारंवार सांगावी लागते तिला लहानशी खूण द्यावी, हें त्या योजनेंतील मर्म. हा विचार जुनाच आहे. परंतु लहान म्हणजे किती लहान, आणि 'याहून लहान करणें शक्यच नाहीं' असें छातीठोकपणें केव्हां म्हणतां येईल, या प्रश्नाच्या उत्तरासाठीं १९५२ साल उजाडावें लागलें.

वॉशिंग्टन आणि बाल्टिमोर या शहरांच्या दरम्यान १८४४ सालीं मोर्सची तार सुरू झाली. तिच्या लिपीसाठीं इंग्रजींतील कोणतें अक्षर किती वेळां येतें हें ठाऊक असणें अवश्य होतें. मोर्सचे सहकारी आल्फ्रेड व्हेल यांनीं त्यासाठीं पुस्तकें चाळलीं नाहींत. ते मॉरिसटाऊन येथील एका छापखान्यांत गेले आणि जुळाऱ्याच्या पेटींत कोणत्या अक्षराचे खिळे किती ठेवलेले असतात तें त्यांनीं पाहिलें, असें सांगतात. छापखानेवाला गरजेपेक्षां जास्त खिळे कशाला बाळगील? 'ई' या अक्षराचे खिळे सर्वांत अधिक होते. त्याला एक टिंब मिळालें. क्वचित् येणाऱ्या 'क्यू'च्या वांट्याला लांबलचक खूण आली. ही योजना मोठी हुशारीची, पण अंदाजाची होती.

अंदाजाला गणिताची शिस्त क्लॉड शॅनन यांनीं १९४८ सालीं लावून दिली. अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत काम करीत असतां त्यांनीं दाखवून दिलें कीं, अक्षरें किती वारंवार येतात हें एकदां कळलें म्हणजे संदेशाला सरासरीनें कमींत कमी किती खुणा लागतील याची एक मर्यादा ठरून जाते, आणि ती कोणालाही ओलांडतां येत नाहीं. येथें खुणा दोनच धरावयाच्या, शून्य आणि एक. यंत्रांना त्या दोनच पुरतात. अशा एका खुणेला 'बिट' म्हणतात. मात्र मर्यादा कोठें आहे हें समजणें वेगळें आणि तिच्या अधिकांत अधिक जवळ नेणारा संकेत हातानें रचणें वेगळें.

एक लहानसें उदाहरण पुरेसें होईल. समजा, एका संदेशांत चाळीस अक्षरें आहेत आणि तीं पांचच प्रकारचीं आहेत: 'र' १६ वेळां, 'त' ७, 'क' ६, 'म' ६ आणि 'न' ५ वेळां. प्रत्येकाला सारख्याच लांबीचा संकेत द्यावयाचा तर तीन तीन खुणा लागतील, म्हणजे एकूण १२०. लांबी कमीअधिक ठेवली तर बचत होईल. पण एक पथ्य पाळावें लागेल. कोणत्याही अक्षराचा संकेत हा दुसऱ्या अक्षराच्या संकेताचा आरंभ असतां कामा नये. तसें झाल्यास वाचणाराला एक अक्षर कोठें संपलें आणि दुसरें कोठें सुरू झालें तें उमगणार नाहीं. मोर्सच्या लिपींत ही अडचण अक्षरांमध्यें थांबून निभावून नेत. येथें थांबण्याची सवलत नाहीं.

मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथील प्राध्यापक रॉबर्ट फॅनो यांची रीत अशी होती कीं, अक्षरें वारंवारतेच्या क्रमानें मांडावीं आणि शक्य तितके सारखे दोन भाग पाडावे. एका भागाला शून्य, दुसऱ्याला एक. मग प्रत्येक भागाचे पुन्हां दोन भाग. आपल्या उदाहरणांत 'र' आणि 'त' मिळून २३ होतात, उरलेलीं तीन मिळून १७. अशा वांटणीनें पहिल्या तीन अक्षरांना दोन दोन आणि शेवटच्या दोहोंना तीन तीन खुणा मिळून बेरीज ९१ येते. बचत चांगली झाली. पण हीच सर्वांत मोठी बचत काय? तें फॅनो सांगूं शकत नव्हते, आणि शॅननही सांगूं शकत नव्हते.

१९५१ सालीं फॅनो यांनीं आपल्या वर्गाला सवलत दिली: परीक्षेस बसावें किंवा एक निबंध लिहावा. निबंधाचा विषय, सर्वांत काटकसरीचा संकेत रचण्याची रीत. हा प्रश्न अद्याप सुटलेला नाहीं हें त्यांनीं विद्यार्थ्यांना सांगितलें नाहीं. डेव्हिड हफमन या विद्यार्थ्यानें निबंध पत्करला. कित्येक महिने खटपट करूनही सिद्धता हातीं येईना. अखेर कागद टोपलींत टाकून परीक्षेच्या अभ्यासाला लागावें, अशा बेतांत तो असतांना उत्तर त्याला सुचलें.

उत्तराचें सार एवढेंच कीं, सुरुवात वरून न करितां तळापासून करावी. सबंध ढिगाची वांटणी करीत बसूं नये. सर्वांत कमी वेळां येणारीं दोन अक्षरें घ्यावीं आणि त्यांची गांठ मारावी. 'न' ५ आणि 'म' ६, मिळून ११. आतां ही गांठ म्हणजे जणूं एकच अक्षर. उरलेल्यांत सर्वांत लहान 'क' ६ आणि 'त' ७. त्यांची गांठ १३ ची. पुढें ११ आणि १३ मिळून २४, आणि शेवटीं 'र'चे १६ व हे २४ मिळून ४०. प्रत्येक गांठींत एका फांटयाला शून्य व दुसऱ्याला एक असें लिहीत खालीं आलें कीं संकेत तयार: 'र' ०, 'त' १००, 'क' १०१, 'म' ११०, 'न' १११. बेरीज ८८. शॅनन यांची मर्यादा या संदेशासाठीं सुमारें ८६.६ आहे, आणि प्रत्येक अक्षराला स्वतंत्र, पुऱ्या खुणांचा संकेत द्यावयाचा असल्यास ८८ च्या खालीं कोणालाही जातां येणार नाहीं.

हें इतक्या निश्चयानें कसें म्हणावें? युक्तिवाद घरच्या हिशेबासारखा सरळ आहे. उत्तम संकेतांत कमी वेळां येणाऱ्या अक्षराचा संकेत जास्त वेळां येणाऱ्याच्या संकेताहून आंखूड असूं शकत नाहीं. असल्यास त्यांची अदलाबदल करतांच बचत होईल. सर्वांत लांब संकेत एकटा असूं शकत नाहीं. एकटा असेल तर त्याची शेवटची खूण निरर्थक आहे, ती खुशाल गाळावी. म्हणून सर्वांत लांब संकेतांची जोडी हवी, जिच्यांत फरक फक्त शेवटच्या खुणेचा. आणि तें स्थान सर्वांत दुर्मिळ अशा दोन अक्षरांना देण्यांत तोटा कधींच नाहीं. त्यांची गांठ मारली कीं पांच अक्षरांचा प्रश्न चारांचा होतो, चारांचा तीनांचा, आणि पुढें तसेंच.

हफमनचा लेख १९५२ सालीं प्रसिद्ध झाला. त्यानें या रीतीचें पेटंट घेतलें नाहीं, आणि १९९९ मध्यें तो निवर्तला. १९७६ मध्यें जोर्मा रिसानेन यांनीं सबंध संदेशाला मिळून एकच संकेत देण्याची रीत मांडली. तिनें शॅनन यांच्या मर्यादेच्या आणखी जवळ जातां येतें. तथापि जेपेग पद्धतीचें छायाचित्र, एमपीथ्री गाणें किंवा झिप करून पाठविलेले कागद यांत हफमनची गांठ आजही आहे.

परंतु काटकसरीची किंमत मोजावी लागते. वरील संकेतांत 'रतन' हें नांव ०१००१११ असें जाईल. वाटेंत विजेच्या एखाद्या खोडसाळ झटक्यानें पहिलें शून्य बदलून एक झालें तर पलीकडे ११००१११ पोहोंचेल, आणि वाचणारा 'मरन' असें वाचील! बोलींतलें हें मरणच. पाल्हाळ जितका गाळावा तितका प्रत्येक खुणेवर अर्थाचा भार वाढतो, आणि चूक झाल्याचें ओळखण्यास कांहींच शिल्लक उरत नाहीं.

म्हणून दुसरी विद्याही शिकावी लागते. बेल प्रयोगशाळेंतीलच रिचर्ड हॅमिंग यांचीं गणितें सुटीच्या दिवशीं यंत्रांत चूक होतांच अर्धवट पडून राहत. १९५० सालीं त्यांनीं चार खुणांना तीन जादा खुणा अशा जोडून दाखविल्या कीं, सातांपैकीं कोणतीही एक बिघडली तरी ती शोधून सुधारतां यावी. मग चुकांपासून बचावण्यासाठीं एकमेकांपासून पुरेसे दूर ठेवलेले संकेत जास्तींत जास्त किती असूं शकतात, हा प्रश्न पुढें आला. त्यावर राजचंद्र बोस आणि शरच्चंद्र श्रीखंडे यांनीं १९५९ सालीं महत्त्वाचा निबंध लिहिला, आणि अशा कमाल मर्यादेला भिडणारे संकेत व गणितांतील हॅडामार्डचे चौरस यांचें नातें उघड केलें. हेच श्रीखंडे पुढें मुंबई विद्यापीठांत गणित विभागाचे प्रमुख झाले.

एक विद्या खुणा कमी करते, दुसरी वाढविते; तरीही त्यांत विरोध नाहीं. सवयीनें आलेली पुनरुक्ति आधीं काढून टाकावी आणि नंतर विचारपूर्वक केलेली पुनरुक्ति घालावी. गृहिणी धान्यांतील खडे निवडून टाकते आणि मग त्याच धान्याला कीड लागूं नये म्हणून कडुनिंबाचा पाला घालून ठेवते. पहिल्यानें ओझें कमी होतें, दुसऱ्यानें थोडें वाढतें. पण धान्य टिकतें तें दोहोंमुळें.