पेन्शन, व्याज आणि आयकर

आमच्या काही विद्यार्थ्यांची फी आजोबांच्या पेन्शनमधून भरली जाते, म्हणून हा विषय येथे घेत आहोत.

पेन्शन करमुक्त असते असा समज घरोघरी आहे. तसे नाही. आयकर कायद्याच्या दृष्टीने पेन्शन म्हणजे पगारच. म्हणून पगारदारांची प्रमाणित वजावट पेन्शनरांनाही मिळते : नव्या करपद्धतीत ७५,००० रुपये, जुन्या पद्धतीत ५०,०००.

आजोबांच्या पश्चात आजींना मिळणारे कुटुंब निवृत्तिवेतन मात्र ‘इतर उत्पन्न’ ठरते. तेथे वजावट रकमेच्या एक तृतीयांश किंवा २५,००० रुपये, यांत जे कमी असेल ते (जुन्या पद्धतीत १५,०००). विवरणपत्र भरताना येथेच घोळ होतो.

खरे नुकसान व्याजात होते. २०२५-२६ पासून ज्येष्ठांचे वर्षाचे बँकव्याज एक लाखाच्या वर गेले की बँक कर कापून घेते. एकूण उत्पन्नावर कर शून्य येणार असेल, तर एप्रिलमध्येच प्रत्येक बँकेत तसे घोषणापत्र द्यावे. कर कापला गेलाच तर विवरणपत्र भरल्याशिवाय पैसे परत येत नाहीत. आणि ‘आपल्याला कुठला आलाय कर!’ म्हणून पुष्कळ ज्येष्ठ ते भरतच नाहीत.

२०२५-२६ पासून नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंत कर शून्य होतो; शेअरविक्रीचा नफा त्यात धरू नये. जुन्या पद्धतीत ज्येष्ठांना व्याजावर ५०,००० रुपयांपर्यंत वजावट आहे, नव्यात ती नाही. दोन्ही हिशेब मांडूनच निवड करावी. नववी-दहावीच्या मुलांनी पासबुक घेऊन आजोबांजवळ बसावे. शेकडेवारी तर शिकवून झाली आहे.