नर्सबाई दुरडीत डोकावतात तेव्हा

मुदखेड म्हटले की रेल्वेचे जंक्शन आठवते, नाही तर फुलांचे मळे. पण तालुक्याच्या शिवारात हिंडले की आता जिकडेतिकडे सोयाबीन. पूर्वी ज्वारीच्या जोडीला तूर, मूग, उडीद असे. शेतात पिके तेच चुलीवर शिजे. सोयाबीन आडतीवर जाते, आणि आलेला पैसा आधी उधारीत जातो. भूमिहीन मजुराच्या घरी तर राशी झाल्या की हातालाही काम नाही. अशा घरातली भूक बाहेर कुणाला दिसत नाही. दिसते ती उपकेंद्राच्या नर्सबाईंना.

त्यांच्या पिशवीत एक फीत असते. सहा महिने ते पाच वर्षांच्या लेकराचा दंड ११.५ सेंटीमीटरहून कमी भरला, तर ते तीव्र कुपोषित. पण गोष्ट त्याच्या आधीच, आईच्या पोटापासून सुरू झालेली असते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या ५४ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. गरोदर बाईला १८० दिवस लोहाची गोळी देतात. उपाशीपोटी ती घेतली की मळमळते, मग गोळ्या कोनाड्यात पडतात. म्हणून जाणत्या नर्सबाई गोळीच्या आधी विचारतात, "काल रात्री काय जेवलीस, बाई?" सासूबाईंनी येथे उत्तराची घाई करू नये, सुनेला बोलू द्यावे. सगळ्यांचे झाल्यावर दुरडीत उरले ते ती जेवते, हे तिलाच ठाऊक.

नर्सबाईंच्या पिशवीत धान्य नसते, हे खरे. पण वाट त्यांना माहीत असते. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने अंत्योदय कुटुंबाला महिन्याला ३५ किलो, इतर पात्र घरांना माणशी ५ किलो धान्य आहे. नव्या सुनेचे नाव माहेरच्या कार्डातून कमी झालेले असते, सासरच्या कार्डात चढलेले नसते. तिचे पाच किलो तिथेच अडकतात. अंगणवाडीतला आहारही नाव नोंदवल्यावरच मिळतो. एवढे दोन प्रश्न दारात विचारले तरी काम होते. मात्र पाच हजार वस्तीमागे एक उपकेंद्र, त्यात रजिस्टरे भरायची; विचारायला सवड कुठून काढायची, हे वरच्यांनी सांगावे.

दसऱ्यानंतर ऊसतोडीला निघालेल्यांनी लेकराचे लसीकरणाचे कार्ड सोबत घ्यावे. रेशनही आता दुसऱ्या गावी उचलता येते. फडाजवळची नर्सबाई अनोळखी असली, तरी फीत तीच असते.