क्रमांक की नाम? : स्पोर्ट्स मोटारींच्या क्रमांकांचा अर्थविचार

प्रस्तावना :

शब्दाच्या अर्थाचा विचार करताना आपल्या परंपरेने शब्दांचे यौगिक, रूढ आणि योगरूढ असे भेद मानले आहेत. ‘पाचक’ या शब्दाचा अर्थ त्याच्या अवयवांवरून कळतो, म्हणून तो यौगिक. ‘घोडा’ या शब्दाचे अवयव कितीही सुटे केले तरी प्राणी हाती लागत नाही, म्हणून तो रूढ. ‘पंकज’ चिखलात जन्मलेले खरे, पण चिखलात जन्मलेल्या प्रत्येक वस्तूला आपण पंकज म्हणत नाही, म्हणून तो योगरूढ. हे वर्गीकरण शब्दांसाठी झाले असले तरी अंकांनी बनलेल्या नावांनाही ते लागू पडते, असे प्रस्तुत लेखकास वाटते. त्यासाठी स्पोर्ट्स मोटारींच्या क्रमांकांचे उदाहरण येथे घेतले आहे.

वाहनावरील आकडा हे कशाचे तरी माप असते, अशी आपली सर्वसाधारण समजूत आहे आणि ती निराधार नाही. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात तयार होणाऱ्या फियाट ११०० च्या इंजिनाची घनक्षमता १०८९ सीसी होती; मारुती ८०० ची ७९६ सीसी. दोन्ही ठिकाणी व्यवहारातील सोयीसाठी पूर्णांक घेतला, एवढेच. म्हणजे ही नावे यौगिक होत. मात्र हीच दृष्टी घेऊन पोर्शे ९११ किंवा फेरारी २५० एलएम यांच्याकडे पाहिल्यास वाचकाची फसगत होते. मापाचा विश्वास आकड्यात शिल्लक असतो, माप मात्र निघून गेलेले असते.

पोर्शे : नोंदवहीतील अनुक्रमांक

फर्डिनांड पोर्शे यांनी १९३१ साली स्टुटगार्ट येथे अभिकल्पाचे कार्यालय काढले. हे कार्यालय प्रारंभी स्वतःची मोटार विकत नव्हते. इतर कारखान्यांसाठी आराखडे करून देत होते. साहजिकच प्रत्येक कामाला नोंदवहीत क्रमांक पडे. वांडरर या कारखान्यासाठी केलेल्या पहिल्या कामास १ ऐवजी ७ हा क्रमांक दिला गेला. आपण अगदीच नवखे आहोत हे ग्राहकास जाणवू नये, असा त्यामागचा हेतू सांगितला जातो. (पहिल्याच पानावरील ही लबाडी निरुपद्रवी आहे, परंतु क्रमांकाच्या अंगी मन वळवण्याचे सामर्थ्य असते, ही जाणीव तेव्हापासूनच होती असे दिसते.) पुढे जगभर ‘बीटल’ म्हणून गाजलेल्या फोक्सवॅगनच्या कामाचा क्रमांक ६० होता. १९४८ साली ऑस्ट्रियातील ग्म्युंड येथे पोर्शे या नावाची पहिली मोटार तयार झाली, तिचा क्रमांक ३५६. या आकड्याचा वेगाशी, शक्तीशी वा घनक्षमतेशी काहीही संबंध नाही. तो केवळ कामाचा अनुक्रमांक होय.

३५६ च्या जागी येणाऱ्या मोटारीस ९०१ हा क्रमांक देण्यात आला. फोक्सवॅगनशी भविष्यात सहकार्य झाल्यास सुट्या भागांच्या क्रमांकांत गोंधळ होऊ नये, आणि तेथील नोंदींत ९०० ची मालिका मोकळी होती, असे त्याचे कारण दिले जाते. १९६३ च्या सप्टेंबरात फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनात ही मोटार ९०१ म्हणूनच लोकांसमोर आली. पुढील वर्षी पॅरिसच्या प्रदर्शनाच्या सुमारास मात्र प्यूजो या फ्रेंच कारखान्याने हरकत घेतली. १९२९ च्या २०१ पासून प्यूजोच्या मोटारींची नावे तीन अंकी व मध्ये शून्य असलेली अशीच होती, आणि फ्रान्समध्ये तशा नावांवर आपला हक्क आहे, असे त्यांचे म्हणणे होते. फ्रान्सची बाजारपेठ सोडणे पोर्शेला परवडणारे नव्हते. तोपर्यंत ९०१ म्हणून ८२ मोटारी तयार झाल्या होत्या. अखेर मधले शून्य काढून तेथे आणखी एक १ घालण्यात आला. ९०१ साठीचे अंक तयारच होते, त्यांतील १ दोनदा वापरणे सर्वांत सोयीचे होते, असे स्पष्टीकरण कंपनीने दिले आहे. ९११ या क्रमांकाची व्युत्पत्ती एवढीच आहे.

येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, या तडजोडीने क्रमांकाचा उरलासुरला अर्थही गेला. ९०१ निदान नोंदवहीतील जागा दर्शवीत होता. ९११ हे कशाचे मापही नाही आणि खरा अनुक्रमांकही नाही. आपल्या परिभाषेत सांगायचे तर तो पूर्णतः रूढ झाला. बहुधा त्यामुळेच तो टिकला असावा. पहिल्या ९११ चे इंजिन १९९१ सीसीचे व हवेने थंड होणारे होते. १९९७ पासून ते पाण्याने थंड होऊ लागले. घनक्षमता वेळोवेळी बदलली, पुढे टर्बोचार्जर आले. नाव ‘२०००’ असते तर ते यांपैकी पहिल्याच बदलाबरोबर खोटे ठरले असते. १९७७ साली आलेली ९२८ ही ९११ ची जागा घेईल अशी कारखान्याची अपेक्षा होती. १९८१ साली प्रमुखपदी आलेल्या पीटर शुट्झ यांनी ९११ बंद करण्याचा विचार बाजूला सारला, आणि ९२८ चेच उत्पादन १९९५ मध्ये संपले.

नोंदवही मात्र बंद पडली नाही. ९११ च्या पिढ्यांना कारखान्यात ९६४, ९९३, ९९६, ९९७ असे क्रमांक मिळत गेले. ९९७ नंतर २०११ साली आली ती ९९१, आणि तिच्यानंतर ९९२! म्हणजे येथेही क्रम सरळ राहिला नाही. आपल्याकडे पाळण्यातले नाव एक आणि हाकेचे दुसरे असते, त्यातलाच हा प्रकार. फरक इतकाच की, येथे हाकेचे नाव सगळ्या पिढ्यांना एकच आहे.

फेरारी : एका सिलिंडरचे माप

इटलीतील फेरारीची रीत याच्या उलट होती. १९४७ साली पियाचेंझा येथील शर्यतीत उतरलेल्या पहिल्या फेरारीचे नाव १२५ एस असे होते. तिचे बारा सिलिंडरांचे इंजिन १४९७ सीसीचे. या आकड्यास बाराने भागल्यास सुमारे १२५ येतात, म्हणजे नावात एकाच सिलिंडरची घनक्षमता आहे. याच हिशेबाने १९९५ सीसीची १६६ झाली आणि २९५३ सीसीची २५० झाली. (अचूक भागाकार २४६ येतो, पूर्णांकाचा मोह येथेही आहेच.) शुद्ध यौगिक नामाचे याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण.

तथापि २५० ची कीर्ती वाढत गेली आणि तेथेच यौगिकतेला तडा गेला. १९६० च्या दशकात ग्रँड टूरिंग गटातील शर्यतींसाठी मोटारीच्या किमान शंभर प्रती बांधल्या पाहिजेत, अशी आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाची अट होती. आधी मान्यता मिळालेल्या मोटारीची ती सुधारित आवृत्ती असल्यास मात्र सवलत मिळे. १९६२ च्या २५० जीटीओला मान्यता मिळाली ती आधीच्या २५० जीटीच्या आधारे. त्यानंतर फेरारीने २५० एलएम पुढे केली. हिचे इंजिन चालकाच्या पाठीमागे होते, आणि पहिला नमुना वगळता सर्व मोटारींत ते ३२८६ सीसीचे होते. बाराने भागल्यास २७४ येतात. फेरारीच्याच नियमानुसार तिचे नाव २७५ एलएम असावयास हवे होते. परंतु नाव २५० ठेवल्याशिवाय ती जुन्याच मोटारीची सुधारित आवृत्ती आहे असे म्हणता येईना. क्रमांक येथे माप न राहता दावा झाला. महासंघाने तो दावा १९६४ साली फेटाळला आणि एलएमला प्रोटोटाइप गटात उतरावे लागले. १९६५ ची ले माँ शर्यत मात्र तिनेच जिंकली.

यानंतरच्या फेरारींत मापाची एकवाक्यता राहिली नाही. ३०८ मध्ये तीन लिटर व आठ सिलिंडर. एफ३५५ मध्ये साडेतीन लिटर व प्रत्येक सिलिंडरला पाच झडपा. ८१२ मध्ये आठशे अश्वशक्ती व बारा सिलिंडर. ४८८ मध्ये पुन्हा जुना भागाकार : ३९०२ भागिले ८. प्रत्येक क्रमांक सुटा घेतला तर यौगिक आहे, पण तो कोणत्या सूत्राने सोडवावा हे आधी ठाऊक असावे लागते. लाम्बोर्गिनी व मॅक्लारेन यांनी काही काळ सरळ अश्वशक्तीच नावात घातली. त्यातही मेट्रिक अश्वशक्ती धरल्याने मॅक्लारेन ७२०एस ब्रिटिश मापात ७१० भरते.

२०२१ च्या फेरारी २९६ चे उदाहरण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. तिच्या सहा सिलिंडरांच्या इंजिनाची घनक्षमता २९९२ सीसी आहे. पहिले दोन अंक लिटरचे व शेवटचा सिलिंडरांचा, ही डिनोची जुनी पद्धत तिच्या नावात आहे. परंतु डिनो २०६ चे इंजिन १९८७ सीसीचे होते आणि तेथे पूर्णांकाकडे वर जाऊन २० धरले होते. तोच न्याय २९९२ ला लावला असता ३० धरावे लागले असते आणि मोटारीचे नाव ३०६ झाले असते. या नावाची मोटार १९९३ साली प्यूजोने काढली होती.