जेवणाचें आमंत्रण

विद्यार्थी एका घरांत राहूं लागले म्हणजे दोन गोष्टी सांचत जातात : न घासलेलीं भांडीं व न संपलेले वाद. स्टेसी टायटल या दिग्दर्शिकेचा 'द लास्ट सपर' (१९९५) हा अमेरिकन बोलपट दुसऱ्या गोष्टीवर उभा आहे.

आयोवा संस्थानांतील पांच पदव्युत्तर विद्यार्थी एकत्र राहतात. आपल्या उदारमतवादाचा त्यांना अभिमान. पावसांत अडकलेल्या एकाला घरीं पोंचविणारा लॉरीवाला जेवावयास थांबतो, हिटलरची तरफदारी करतो, प्रकरण हातघाईवर येतें आणि त्याचा खून पडतो. इथपर्यंत स्वसंरक्षण म्हणतां येईल. पण मग मंडळींस तर्क सुचतो : १९०९ सालीं तरुण हिटलर भेटता, तर त्यास मारणें योग्यच ठरलें नसतें काय?

झालें! विरुद्ध मतांच्या माणसांस एकेक करून जेवणाचें आमंत्रण जाऊं लागतें. मत पालटलें तर सुटका. नाहीं तर निळ्या सुरईंतील सोमल घातलेलें मद्य. प्रेतें परसांत, वर टोमॅटो. आणि ते येतात मात्र भलतेच टपोरे! हंसूं येतें तें इथें. मला भय वाटलें तें निराळ्याच गोष्टीचें. प्रथम पाहुण्याशीं वाद तरी होतो. पुढें त्याचें बोलणें पुरतें ऐकण्याचीहि कोणास गरज वाटत नाहीं. वर्गांतील वादविवादांत, प्रतिपक्ष बोलत असतां जो आपलेंच टिपण वाचीत बसे, त्यास मी गुण देत नसें.

शेवटीं येतो दूरचित्रवाणीवरील एक प्रक्षोभक वक्ता. जेवतांना तो समंजसपणें बोलतो. आपलीं जहाल विधानें लोकप्रियतेसाठीं असतात, हेंहि कबूल करतो. आतां विष द्यावें कीं न द्यावें, याचा खल स्वयंपाकघरांत चालू असतां पाहुणा बाहेर एकटाच असतो, आणि सुरई त्याच्या हाताशीं असते.