आठवडी बाजाराच्या गाडीला टायर कोणते?

कापडाची खरीदी करताना आपण सूत चिमटीत धरून पाहतो, ताणा-बाणा तपासतो, मीटरमागे रुपयासाठी तासभर घासाघीस करतो. तोच माल वाहणाऱ्या गाडीचे टायर घेताना मात्र दुकानदार जे समोर ठेवील ते बसवून निघतो. आम्हीही हेच केले होते.

मालेगावहून लुंग्या, टॉवेल आणि रंगीत साड्यांच्या गाठी घेऊन आम्ही कळवण, सुरगाणा भागातले बाजार करतो. अर्धा रस्ता डांबरी, पुढे घाट, मुरूम, आणि पावसाळ्यात बाजाराच्या मैदानात घोटाभर चिखल. एका वर्षी पोळ्याआधीच्या बाजाराला आमची पिकअप मैदानाच्या तोंडाशीच रुतली. बैलजोडी लावून काढेपर्यंत दोन तास गेले आणि आमचे गिऱ्हाईक दुसऱ्याच्या पालावर जाऊन आले. त्याच रागात चारही चाकांना मोठ्या गोट्यांचे टायर बसवले. विकणारा म्हणाला, ‘आता शेठ, गाडी कुठेही घाला.’ चिखलातून गाडी निघू लागली हे खरे. पण डांबरीवर घरघर आवाज, डिझेलचा खर्च जास्त, आणि घाटात पावसात ब्रेक दाबला की गाडी पुढून सरके. एकदा मुलगा चालवत असताना ती वळणावर कठड्यापासून हातभर अंतरावर थांबली. त्यानंतर आम्ही टायर म्हणजे काय हे नीट समजून घेतले. तेच येथे सांगतो.

टायरच्या नक्षीचे ढोबळ तीन प्रकार. लांबीच्या सरळ रेषा असलेला रिब टायर; आडव्या जाड गोट्यांचा लग टायर; आणि मध्ये रेषा, कडेला गोट्या असा मिश्र. काळ्या मातीत रिबच्या बारीक रेषा दोन फेऱ्यांत भरतात आणि टायर चकोट असल्यासारखा जागच्या जागी फिरतो. लगमधल्या रुंद फटींतून चाक फिरताना चिखल बाहेर फेकला जातो, म्हणून तो पकडतो. पण त्याच फटींमुळे ओल्या डांबरीवर रबर कमी टेकते. मुरमाच्या रस्त्यावर फटींत खडी अडकते आणि आतपर्यंत भोक पाडते. म्हणजे गोटी मोठी तेवढा टायर चांगला, हा समज चुकीचा आहे. महिन्यात गाडी किती किलोमीटर डांबरीवर आणि किती चिखलात चालते, याचा हिशेब आधी मांडावा. आमचा निघाला तो दहात आठ डांबरीचा.

आपल्या पिकअप आणि छोट्या टेम्पोंना जोर बहुधा मागच्या चाकांचा असतो. वळवण्याचे काम पुढच्यांचे, आणि ब्रेक दाबला की वजनही पुढे येते. म्हणून आम्ही आता पुढे रिब आणि मागे लग ठेवतो. ज्यांना चिखल फक्त बाजाराच्या मैदानातच लागतो त्यांनी मागे मिश्र घेतला तरी भागते. एकाच धुरीवर मात्र दोन्ही बाजूंना एकाच मापाचे, एकाच नक्षीचे आणि सारखे झिजलेले टायर हवेत. चारही चाकांना जोर असलेल्या गाडीला चारही सारखेच घालावेत; नाहीतर गिअरवर ताण येतो.

आता वजन. इथे आपला धंदा कामी येतो, कारण टायरच्या आत कापडच असते. पूर्वी ते सुती दोऱ्याचे होते, आणि ‘८ प्लाय’ म्हणजे त्या सुती कापडाच्या आठ थरांएवढी ताकद. आज नायलॉनचे थर कमी असूनही तीच ताकद मिळते, म्हणून आकडा राहिला, थर राहिले नाहीत. साध्या टायरमध्ये दोरे एकमेकांवर तिरके जातात. रेडियलमध्ये ते एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ आडवे जातात आणि वरून पट्टा असतो. रेडियल कमी तापतो, जास्त चालतो; पण धारदार दगडाने त्याची बाजू लवकर फाटते. दोन्ही जाती एका धुरीवर कधीही मिसळू नयेत.

बाजूवर आकडा आणि अक्षर असते. ८६ म्हणजे एका टायरवर ५३० किलो, १०० म्हणजे ८०० किलो. गाडीचे स्वतःचे वजनही त्यातच मोजावे. सुती गाठी भिजल्या की किती जड होतात हे आपल्याला कोणी सांगायला नको. ताडपत्री फाटकी असेल तर टायरचाही हिशेब चुकतो.

हवा गाडी थंड असताना पाहावी. चिखलात रुतल्यावर थोडी हवा सोडली की टायर पसरतो व पकडतो. पण भरल्या गाडीने तसेच डांबरीवर पळू नये. टायर तापून फुटतो. आमच्या ओळखीतल्या दोन गाड्यांचे असेच झाले, आणि दोघांनीही दोष टायरलाच दिला.

विकत घेताना बाजूवरचे शेवटचे चार आकडे वाचावेत. २३२४ म्हणजे २०२४ सालचा २३ वा आठवडा. गोदामात तीन-चार वर्षे पडलेला टायर स्वस्तात मिळाला तरी घेऊ नये, रबर कडक झालेले असते. आयएसआयचे चिन्ह पाहावे. रिमोल्ड टायर विश्वासाच्या कारागिराकडून करून मागे चालवता येतो, पुढे मात्र मुळीच नाही. १.६ मिलीमीटरपेक्षा कमी नक्षी उरली तर टायर कायद्यानेही बाद आहे. खाचेतल्या छोट्या उंचवट्याशी रबर समपातळीत आले की तीच खूण.

बिल पक्के घ्यावे. २२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला आहे, आणि मालवाहू गाडी धंद्याची असेल तर नियमित नोंदणीवाल्यांना त्याची वजावट मिळते. कंपोझिशनवाल्यांना ती नाही.

राहिली स्टेपनी. आम्ही तिथे जुना रिब ठेवतो, कारण तो पुढे बसतो आणि वेळ पडली तर मागे लावून हळूहळू जवळच्या पंक्चरवाल्यापर्यंत नेता येते. त्यातली हवा मात्र महिन्यातून एकदा तरी पाहावी.